देवीदासच्या अंगातला कृष्णराव

पोलाद कारखान्याच्या कामगारवस्तीत, कॅम्प-1 मधल्या देवीदासच्या दारात अख्खी गल्ली लोटली होती. भूत उतरवायला आलेल्या महाराजांनी काळ्या राखेवर चमचाभर ‘तूप’ सोडलं, आणि काडी न ओढताच भपकन जांभळा जाळ उठला.

“ऑपरेशन के टाइम शरीर खुला था,” महाराज गरजले, “उसी में कृष्णराव घुस गया! पेटदर्द का झूठ बोलके तू घर बैठा, तेरी जगह वो भट्टी पे जला. बोल, सच है?”

देवीदासची बायको सत्यशीला समोरच बसली होती. शेजारची भागाबाई तिचा हात घट्ट धरून होती. खुब्याचं ऑपरेशन करून घरी आल्यापासून देवीदास बायकोला ओळखत नव्हता, भिंतीकडे पाहून “भट्टी फुटली!” म्हणून ओरडत होता. कारखान्यातला त्याचा सोबती कृष्णराव अनेक वर्षांपूर्वी त्याच्या पाळीवर गेला आणि भट्टी फुटून मेला, हे साऱ्यांना ठाऊक होतं; पण त्या दिवशीची पोटदुखी खोटी होती, हे देवीदासने फक्त तिलाच सांगितलं होतं. मग महाराजांना कसं कळलं?

महाराजांच्या सांगण्यावरून तिने देवीदासचा चष्मा काढला, कानातलं मशीन काढलं. भूत म्हणे त्यातूनच पाहतं, ऐकतं. देवीदास अधिकच बिथरला. घास तोंडात घेईना.

पुढच्या बैठकीला मुलगी संघमित्रा नागपूरहून येऊन थडकली. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची.

“बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे चालू हाय?” तिने महाराजांची वाटी उचलून बोट बुडवलं. “हे तूप नाही, ग्लिसरीन हाय. अन् राखेत पोटॅशियम परमँगनेट. आमची पोरं हे लॅबमध्ये करतात.”

“अरे, पर कृष्णराव...” महाराज चाचरले.

“आई, बाबांची ती गोष्ट तू कोणाले सांगितली होती?”

सत्यशीला आठवू लागली. एकदाच, रडता रडता, एकाच बाईला. तिने मान वळवली. भागाबाईने हात सोडून दिला होता.

“तुया भल्यासाठीच सांगितलं वं मी,” भागाबाई पुटपुटली. “महाराज म्हणे, आधी सारं सांग, मंगच गुण येते.”

“माया जिवातलं होतं ते, भागा. अन् तू त्याचा तमाशा करू देल्ला? इथंच बसून?”

तेवढ्या गलबल्यात महाराज मागच्या दाराने सटकले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या. “मोठ्या ऑपरेशननंतर जखम भरायला शरीराची रोगप्रतिकारशक्ती खवळून उठते. उतारवयात ती कधीकधी लवकर शांत होत नाही, आणि त्याची झळ मेंदूला लागते. माणूस भ्रमतो, जुन्या भीती वर येतात. अशा वेळी त्याला दिसायला, ऐकू यायला हवं. तुम्ही तर चष्मा-मशीनच काढून घेतलंत.”

सत्यशीलाने पिशवीतून चष्मा आणि मशीन काढून देवीदासला लावलं.

उपचार सुरू झाले. हळूहळू देवीदास बायकोला नावाने हाक मारू लागला. पण पूर्वीचं सगळं परत आलं नाही. आजही बोलता बोलता त्याचा धागा तुटतो, आणि तो तिच्या तोंडाकडे पाहत राहतो.

भागाबाईशी ती आता बोलत नाही. विहारात जमलेल्या बायकांना मात्र आवर्जून सांगते, “ऑपरेशननंतर म्हातारं माणूस भ्रमलं तर पयले डॉक्टरले दाखवा. अन् कोणी तुमच्या मनातलं वळखलं, तर हात जोडाच्या आधी इचारा, याले हे सांगितलं कोणं?”