भाऊ बोलता बोलता थांबले तेव्हा

मित्रांनो, मी लाकडी पेटीतला एक म्हातारा रेडिओ आहे. माझी एक खुंटी मूळची नाही, काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, आणि थोडी खरखर केल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. माझे मालक मात्र गावाला माहीत असलेले. सकाळी सात वाजता ज्यांचा आवाज घराघरांत ऐकू यायचा, ते भाऊ. चौतीस वर्षे त्यांनी रेडिओवर ‘सकाळच्या गप्पा’ हा कार्यक्रम केला. आता ते नाहीत. त्यांच्या आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरात काय घडले ते मात्र फक्त मला ठाऊक आहे, म्हणून बोलतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलाशी ओळीने बसलेल्या बायकांनी मला जोडले. एकीने तारांना डाख दिला, दुसरीने जाळीचे कापड ताणून बसवले. मग दुकानाच्या फळीवर मी चार महिने धूळ खात होतो. एके दिवशी एक सडपातळ तरुण आला. दुकानदाराने त्याला चकचकीत सेट दाखवायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, “दिसायला कसाही असू दे. माणसाचा आवाज कशात नीट येतो ते सांगा.” दुकानदाराने माझ्यावर हात ठेवला.

ते भाऊ होते. त्यांना रेडिओवर नुकतीच नोकरी लागली होती आणि नुकतेच लग्नही झाले होते. त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवले आणि बायकोला म्हणाले, “मी तिकडे बोलणार. इथे तू ऐकायचंस. चुकलो की सांगायचं.”

त्यांची बायको शाळेत भाषा शिकवायची. शाळेत तिला बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. चुका काढायला सांगणे म्हणजे बाईंना आमंत्रण देण्यासारखेच होते. पहिल्याच दिवशी भाऊ घरी आले, चपला काढल्या, तोवर बाईंनी विचारले, “आज ‘म्हणजे’ किती वेळा म्हणालात?”

“मोजले असशीलच.”

“सतरा.”

दुसऱ्या दिवशी ते अकरावर आले. महिन्याभरात ‘म्हणजे’ गेले, पण बाईंचे काम काही संपले नाही. कधी शब्द चुके, कधी पत्र वाचताना घाई होई. भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी चूक कबूल करत. “काल मी ‘अपरोक्ष’ हा शब्द उलट्या अर्थाने वापरला. आमच्या घरच्या परीक्षकांनी माझा कान धरला आहे.” हळूहळू लोकांना त्या परीक्षकांची ओळख झाली. पत्रांच्या शेवटी लोक लिहू लागले, ‘बाईंना नमस्कार. आज भाऊंना किती गुण?’

कार्यक्रमात भाऊ पत्रे वाचायचे. कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुणाची म्हैस हरवली, कुणाचे भांडण मिटले. पत्र वाचून झाले की ते त्या माणसाशी दोन वाक्ये बोलायचे, जणू तो समोर खुर्चीत बसला आहे. मी ती वाक्ये जशीच्या तशी पोचवायचो.

घरी आले की मात्र भाऊ गप्प. घसा सांभाळावा लागतो म्हणून दुपारपर्यंत खुणांनी बोलायचे. चहा हवा असला की कप दाखवायचे. बाई म्हणायच्या, “गावाला गप्पा आणि मला खुणा. बरं आहे बाई.” भाऊ हसून मान डोलवायचे. मित्रांनो, खरे सांगू का, बाईंनी आपल्या नवऱ्याचा आवाज सगळ्यांत जास्त माझ्यातूनच ऐकला. त्या आवाजातला श्वास त्यांना पाठ होता. हा श्वास वाक्य संपल्याचा, हा पान उलटल्याचा, हा जिना चढून आल्याचा, असे त्या भाजी चिरता चिरता ओळखायच्या.

वर्षे गेली. मुलगी मोठी होऊन दुसऱ्या गावी नांदायला गेली, बाई शाळेतून निवृत्त झाल्या. कितीतरी घरांत माझ्यासारखे रेडिओ भंगारात गेले. आमच्या घरी मला रोज पुसले जात होते.

मग ती सकाळ आली. बाहेर स्वच्छ ऊन होते. बाई ओट्याशी भाजी परतत होत्या. सात वाजून वीस मिनिटे झाली होती. एका माळ्याचे पत्र भाऊ वाचत होते. त्याने लावलेल्या झाडाला नवव्या वर्षी पहिले फळ धरले होते. वाचता वाचता भाऊ मध्येच थांबले.

माझ्यातून बारीक खरखर आणि भाऊंचा श्वास एवढेच येत राहिले. चार श्वास, पाच श्वास. बाईंचा हात कढईवर थबकला. तेवढ्यात भाऊंचा आवाज आला, “थांबलो, कारण वाक्य फार लांब होतं. आता घरी गेल्यावर याचा जाब द्यावा लागणार.”

बाई हसल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “या तर घरी. सांगते.”

भाऊंनी पत्र पुरे केले, गाणे लागले, आठ वाजता त्यांनी रोजच्यासारखा निरोप घेतला. बाईंनी दोन ताटे काढून ठेवली. सव्वानऊला फोन वाजला. रेडिओ केंद्रातला तंत्रज्ञ बोलत होता. कार्यक्रम संपवून भाऊ बाहेरच्या बाकावर बसले, पाणी मागितले. पाणी आणेपर्यंत सगळे संपले होते. बाईंनी “बरं” म्हटले, फोन ठेवला आणि गॅस बंद आहे का ते दोनदा बघितले.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. मुलगी आली, शेजारी आले. बाई रडल्या नाहीत. चौथ्या दिवशी रेडिओवर भाऊंच्या आठवणींचा कार्यक्रम लागणार होता. मुलीने माझी खुंटी फिरवली. श्रोते फोन करून बोलत होते. एका आजींनी सांगितले, “माझ्याशी दिवसभरात बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.” इतक्यात बाई आतून आल्या.

“बंद कर तो.”

“आई, लोक बाबांबद्दल बोलतायत.”

“म्हणूनच सांगते. बंद कर.”

त्याच दिवशी बाईंनी मला उचलून कपाटावर ठेवले आणि वरून जुनी चादर टाकली. कुणी पुसेना, कुणी विचारेना. ज्या घरात रोज सकाळी मी बोलायचो, तिथे आता नळाची धार आणि भांड्यांचा आवाज एवढेच उरले. मित्रांनो, दुर्लक्षाचे दुःख मला फारसे झाले नाही. मला वाटत होते, बाईंनी केले तेच योग्य. त्या सकाळचा तो अडलेला श्वास मीच तर त्यांच्या कानापर्यंत आणला होता. मला आवाज पोचवता येतो. ‘बाई, हे हसण्यासारखं नाही’ असे सांगता येत नाही.

मुलगी परत गेली, तरी श्रोते दाराशी येतच राहिले. बसचा एक चालक आला. त्याच्या पहिल्या फेरीत रोज भाऊंचा कार्यक्रम चालायचा. तो म्हणाला, “स्टॉप आला तरी लोक उतरायचे नाहीत हो. पत्र संपू दे म्हणायचे. मग मीच बस सावकाश घ्यायला लागलो.” बाईंनी त्याला चहा दिला, त्याचे बोलणे ऐकून घेतले, जणू कुणा शेजाऱ्याबद्दलच बोलणे चालले होते. जाता जाता चालक म्हणाला, “शेवटच्या दिवशीसुद्धा हसवून गेले माणसाला.”

हे वाक्य जो येई तो बोले. ते कानावर पडले की बाई रिकामा कप उचलून आत जात. का, ते चादरीखालच्या मलाच ठाऊक होते.

एका दुपारी एक नर्स आली. रात्रपाळी करून घरी न जाता थेट आली असावी, डोळे सुजलेले होते. तिच्या वॉर्डात रोज सकाळी भाऊंचा आवाज लागायचा. तीही तेच म्हणाली, “त्या दिवशीसुद्धा आम्हाला हसवलं त्यांनी.”

या वेळी बाई उठल्या नाहीत. “हसवत नव्हते ते,” त्या म्हणाल्या. “दम लागला होता त्यांना. चौतीस वर्षं त्यांचा श्वास ऐकतेय मी. तो वेगळा होता. हात थांबला होता माझा. आणि त्यांनी विनोद केला तशी मी हसले. या घरी, सांगते म्हणाले. काय सांगणार होते मी त्यांना? वाक्य छोटं ठेवा म्हणून?”

नर्सने कप खाली ठेवला.

“बाई, दम लागलेली माणसं बघण्यात माझी तीस वर्षं गेली,” ती म्हणाली. “खोलीच्या दारातून सांगते मी, कुणाला श्वास पुरत नाही ते. त्या वेळी मी बारा नंबरच्या आजोबांचा ताप बघत होते. आजोबा हसले, मीही हसले. त्या दिवसापासून तेच ऐकू येतंय. कुणाशी बोलू? शेवटी म्हटलं, तुमच्यापाशीच जावं. तुम्ही विचाराल, नर्स असून तुला कसं कळलं नाही.”

बाईंनी तिचा हात हातात घेतला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना रडू फुटले. दोघी रडल्या. एकमेकींचे नावही त्यांना माहीत नव्हते.

ती गेल्यावर बाईंनी स्टूल ओढले आणि मला खाली काढले. पदराने धूळ पुसली, पण मला सुरू केले नाही. त्यांनी माझ्या जाळीला कान लावला. किती तरी वेळ तशाच उभ्या होत्या. मित्रांनो, चौतीस वर्षे ज्याचा आवाज माझ्यातून गेला, त्याचा एखादा शब्द तरी माझ्यात उरायला हवा होता, नाही का? पण माझ्यात काही साठत नाही. मी नुसते लाकूड होतो. बाईंनी कान काढला, माझ्यावरून हात फिरवला आणि मला पुन्हा फळीवर, माझ्या जागी ठेवले.

आता बाई मला लावतात. सकाळी सातला नाही, दुपारी. नर्स सुट्टीच्या दिवशी येते, दोघी गाणी ऐकतात, फार बोलत नाहीत. सातच्या वेळी बाई स्वयंपाकघरात येतच नाहीत.

माझी निगा राखा असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी जुना झालो, एक दिवस कीड लागून संपेन. पण तुमच्या घरात कुणाचा आवाज तुम्हाला रोज ऐकून पाठ झाला असेल, तर त्या आवाजात काही वेगळे वाटले की सोडून देऊ नका. तो माणूस विनोद करेल. तुम्ही हसा, आणि हसून झाल्यावर एकदा विचारा, “बरं आहे ना?” तुमचा अंदाज चुकला तर चुकू दे. बाईंचे ते विचारायचे राहून गेले. त्या सकाळी कार्यक्रम संपायला चाळीस मिनिटे होती, आणि फोन माझ्या शेजारीच, त्याच फळीवर होता.