भट्टीवर भाजलेली पानं

कारखान्याच्या मालकांचा खोकला साधासुधा नव्हता. ते एकदा खोकले की समोरच्या इमारतीतली माणसं ‘आलो, आलो’ म्हणत दार उघडायची. गंमत अशी, की कारखाना खोकल्यावरच्या औषधी पानांच्या अर्काचाच. तपासणीच्या खोलीत त्यांची सख्खी भाची बसायची आणि तिची सही झाल्याशिवाय टाकीतला थेंबही बाटलीत जात नसे.

त्या दिवशी तिने नळीतल्या अर्कात तपासणीचं द्रावण टाकलं. एरवी तळाशी नारिंगी गाळ बसायचा. आज नळी अशी दिसत होती, की कुणी तिच्यात पेला विसळलाय.

“मामा, पानं कधी तोडलीत?”

“फुलोरा आल्यावर. वजन चांगलं भरतं.”

“आणि वाळवलीत कुठे?”

“भट्टीच्या पत्र्यावर. सावलीत वाळेपर्यंत मी म्हातारा होईन.”

“त्याची वाट कशाला बघायची? झाडाने अर्धा जीव फुलांत घातला, उरलेला तुम्ही भाजून काढलात. यात अल्कलॉइड, म्हणजे खोकला थांबवणारं सत्त्व, नावापुरतं आहे. सही होणार नाही.”

“कडू लागतंय ना? आणखी हवं तर दुसरा कडू पाला ढकलू. गिऱ्हाईक जीभ लावतं, नळी नाही.”

“कडू तर तुमचं बोलणंही आहे. त्याने कुणाचा खोकला थांबलाय?”

“तुला या खुर्चीत बसवलं कुणी?”

“तुम्हीच. हे घ्या, यातले दोन चमचे प्या. लगेच सही करते.”

तिने चमचा पुढे धरला. मामांना संताप आला आणि संतापाबरोबर उबळ. काचा थडथडल्या, छपरावरची कबुतरं बिऱ्हाडासकट शेजारी राहायला गेली. चमचा तोंडासमोर होता, पण मामांचा हात सवयीने कोटाच्या खिशात गेला. बाहेर आली गेल्या हंगामातली बाटली, सावलीत वाळवलेल्या पानांची. एक घोट, आणि खोकला गप्प.

भाची नुसती बाटलीकडे बघत राहिली.

“अगदी आईवर गेलीस,” मामा पुटपुटले.

“तिच्यापुढे तरी कुठे चाललं तुमचं?”

ती टाकीपाशी गेली आणि खालच्या तोटीला हात घातला.

“फिरवलीस तर ही खुर्ची गेली.”

“खुर्ची तुमची आहे, ठेवून घ्या. सही माझी आहे, ती मी घरी नेईन.”

तिने तोटी फिरवली. अर्क भळाभळा गटाराला लागला. मामांनी ओरडायला तोंड उघडलं, तर पुन्हा उबळ. त्यांनी बाटली उलटी केली, तळाला बुक्के मारले. थेंब निघेना.

भाचीने चमचा पुन्हा पुढे धरला.