बाइंडरने शिवलेला पासपोर्ट

मित्रांनो, आधी माझा कोपरा नीट पाहून घ्या, म्हणजे मला तो लपवत बसावं लागणार नाही. वरचा उजवा कोपरा कात्रीने उडवलेला आहे आणि आतल्या पानावर ‘रद्द’ असा शिक्का आहे. मी पासपोर्ट आहे. होतो म्हणा हवं तर. आम्हां पासपोर्टांना दहा वर्षांचं आयुष्य लिहून मिळतं. माझं आठव्या वर्षीच आटोपलं, आणि ते कसं आटोपलं हे सांगताना आजही मला तोंड वर करवत नाही.

माझा जन्म सरकारी छापखान्यातला. छत्तीस पानं, गडद रंगाचं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं. पानांच्या मधोमध तीन रंगांचा पीळ असलेला दोरा घालून मला शिवलं होतं. हा दोरा काही साधासुधा नव्हता. विशिष्ट दिव्याखाली धरला की तो चमकायचा, आणि त्यावरून मी अस्सल आहे हे कळायचं. पण त्या वयात दोऱ्याचं कोणाला कौतुक? मला कौतुक होतं ते सोनेरी अक्षरांचं.

माझी मालकीण पाळणाघर चालवायची. गल्लीतली लहानथोर सगळी तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. तिच्या नवऱ्याचं घराखालीच पुस्तकबांधणीचं दुकान होतं. त्यांना सगळे बाइंडरकाका म्हणत. मावशीची थोरली बहीण, म्हणजे ताई, समुद्रापलीकडच्या एका बंदराच्या गावी राहायची. पहिल्याच वर्षी मावशी मला घेऊन विमानाने तिच्याकडे गेली. माझ्या पानावर पहिला शिक्का बसला, आणि मी असा फुगलो की विचारू नका. पण परतीच्या विमानात मावशीच्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा विमानाचं नाव काढायचं नाही. तिकडे ताईचे गुडघे गेले आणि ती चाकाच्या खुर्चीत बसली. एकीला उडता येईना, दुसरीला उठता येईना. दर रविवारी दोघी फोनवर बोलत.

मी कपाटात, गरम कपड्यांच्या खाली. सात वर्षं मला कोणी हात लावला नाही. भिंतीला ओल होती. कव्हरचे पापुद्रे निघाले, दोरा सैल पडला, मधली दोन पानं सुटून लोंबायला लागली. मला फार वाईट वाटायचं. त्याच कपाटात बाइंडरकाकांचा पासपोर्ट होता. त्याच्यावर चहा सांडल्याचा डाग होता, कान दुमडलेले होते, पण शिवण शाबूत होती. त्याला कशाचंच काही वाटत नसे.

मग एके दिवशी मावशीला कळलं की एक प्रवासी जहाज ताईच्या बंदरात आठ तास थांबतं. आठ तास! तिला आकाश ठेंगणं झालं. तिकिटं काढली. ताईने फोनवर सांगितलं, मी बंदराच्या फाटकाशी खुर्ची लावून बसते, तू फक्त खाली उतर.

प्रवास कंपनीतल्या मुलीने एक कागद दिला होता. मावशी पेन्सिल घेऊन तो वाचायला बसली. परतल्यानंतरही पासपोर्टची सहा महिने मुदत उरलेली हवी. होती. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. जुळत होतं. आठ तासांसाठी उतरायचं तरी त्या देशाचा व्हिसा हवा. तो वेगळ्या कागदावर घरबसल्या मिळाला होता. कोरी पानं तर माझ्याकडे ढीगभर होती, हे सांगायलाही लाजच वाटते. शेवटी लिहिलं होतं, ‘पासपोर्ट सुस्थितीत असावा.’ मावशीने मला उचललं. माझी दोन पानं तिच्या मांडीवर पडली आणि तिचा चेहरा उतरला.

ती म्हणाली, उद्या त्या मुलीला फोन करून विचारते. त्यावर बाइंडरकाका हसले. चाळीस वर्षं लोकांची सुटलेली पुस्तकं बांधून दिली, आता घरचं पुस्तक सुटलं तर परक्या पोरीला काय विचारायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हातावर मावशीचा भारी विश्वास. तो फोन राहिला तो राहिलाच. दुसऱ्या दिवशी मी दुकानात, त्यांच्या टेबलावर होतो.

मित्रांनो, काकांनी माझं काम जीव ओतून केलं, हे मी कबूल करतो. माझा जुना सैल दोरा त्यांनी हलक्या हाताने ओढून काढला आणि केराच्या टोपलीत टाकला. दाभणाने पुन्हा त्याच भोकांतून पांढरा जाड दोरा ओवला. सुटलेली पानं चिकटवली, कव्हरला आतून खळ लावली, दोन दिवस मला दाबयंत्रात ठेवलं. शेवटी माझ्या चुरगळलेल्या कडा यंत्राखाली धरून अगदी सूतभर कापल्या. मी बाहेर आलो तो नवरदेवासारखा! मावशीने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, नवाकोरा दिसतो हो. आणि मी? पिशवीत काकांच्या डागाळलेल्या पासपोर्टशेजारी बसून मी त्याला बंदरापर्यंत नाकं मुरडत होतो. तो दोरा टोपलीत पडताना मला दिसला होता. माझ्या अस्सलपणाची खूण गेली होती. पण दिसण्यापुढे मी त्याचा विचारसुद्धा केला नाही.

बंदरावर लांब रांग होती. खिडकीमागच्या बाईने आधी काकांचा पासपोर्ट घेतला, यंत्रावर ठेवला, परत दिला. झालं. मग माझी पाळी. यंत्र मला वाचेना. तिने मला पुसलं, पुन्हा ठेवलं, मग जांभळ्या दिव्याखाली धरलं. मधोमध चमकायला हवं होतं तिथे पांढरा दोरा नुसता बावळटासारखा दिसत होता. तिने बोटाने माझ्या कडा चाचपल्या, दुसऱ्या पासपोर्टावर ठेवून पाहिल्या. मी लहान भरलो. तिने साहेबांना बोलावलं. साहेबांनी मला चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं,

“हा उघडून शिवलाय. कोणी शिवला?”

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि नजर जमिनीकडे वळवली. एक क्षण गेला, दुसरा गेला.

“मी शिवला,” मावशी म्हणाली. “पानं सुटली होती.”

साहेबांनी तिच्या हातांकडे पाहिलं, माझ्या सरळसोट शिवणीकडे पाहिलं. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. ते शांतपणे म्हणाले की बाई, हेतू वाईट नाही हे दिसतंय, पण उघडलेल्या पासपोर्टवर तुम्हाला जहाजावर सोडता येत नाही. पलीकडच्या बंदरातही कोणी उतरू देणार नाही. हा जमा करून नवा काढा. बाइंडरकाका तरीही बोलले नाहीत. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्यांच्या जोरावर मी दिवसभर मिरवलो, तेच हात खिशात लपले होते, आणि मान खाली घालायची पाळी आली होती ती मावशीवर.

काका म्हणाले, मीही तुझ्याबरोबर घरी परत येतो. मावशीने त्यांना बाजूला घेतलं.

“तुम्ही जा. ताई फाटकाशी बसलेली असेल. कोणीतरी दिसलं पाहिजे तिला.”

ते गेले. मावशी मला घेऊन घरी आली. रागावून फेकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं, आणि चार दिवस ती माझ्यासमोर बसून जेवत होती.

पाचव्या दिवशी ताईचा फोन आला. ताईचा आवाज मोठा, मला टेबलावर ऐकू येत होता. ती म्हणाली, तुझा नवरा फाटकातून बाहेर आला, हात जोडले, आणि रडत म्हणाला की पासपोर्ट मी बिघडवला आणि तुमच्या बहिणीला पुढे केलं. त्याला आधी पाणी दिलं, मग त्याच्यावर चांगली रागावले. हे ऐकून मावशी हसली आणि हसता हसताच तिला हुंदका आला.

काका परतले. नव्या पासपोर्टसाठी अर्ज भरायचा होता, आणि जुना कसा बिघडला ते लेखी द्यायचं होतं. मावशी म्हणाली, मी केलं असं बंदरावर सांगितलंच आहे, तेच लिहू, तुमच्यामागे चौकशी नको. काकांनी कागद आपल्याकडे ओढला. तीन ओळी लिहायला त्यांना तासभर लागला. पासपोर्ट माझ्या पत्नीचा आहे, तो उघडून शिवणारा मी, बंदरावर तिने सांगितलं ते खोटं आणि ते मी ऐकून घेतलं. खाली सही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः तो कागद आणि मला घेऊन कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांची चांगली कानउघाडणी केली, तीन वेळा जबाब घेतला, दोन महिने खेटे घालायला लावले. काका प्रत्येक वेळी उभे राहून म्हणाले, “होय, मीच.” त्याच कार्यालयात माझा कोपरा कापून, ‘रद्द’चा शिक्का मारून मला काकांकडे परत दिलं. मला दुखलं नाही, खरं सांगतो.

पुढच्या मोसमात मावशी नव्या पासपोर्टवर एकटीच गेली. काकांनी स्वतःचं तिकीट काढू दिलं नाही. ते म्हणाले, ते आठ तास तुम्हा दोघींचे. त्या दिवशी दुपारी त्यांनी मला कपाटातून काढून टेबलावर ठेवलं होतं. फोन वाजला. पलीकडून दोघी एकदमच बोलत होत्या, एकमेकींना बोलू देत नव्हत्या, त्यामुळे काहीच कळत नव्हतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा तळहात माझ्या पांढऱ्या शिवणीवर होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या कागदांना ओल लागू देऊ नका, वर्षातून एकदा उघडून पाहा. फाटलं, भिजलं, सुटलं, तर कितीही हुशार हात घरात असला तरी आधी विचारा. एका फोनचं काम असतं. आणि इतकं करूनही चूक झालीच, तर ‘कोणी केलं?’ असं विचारल्यावर तुमचं उत्तर तुमच्या माणसाला द्यायला लावू नका.