सातवा कप्पा

चर्चच्या दफनभूमीत ताईच्या घराण्याची जुनी दगडी कबर होती, चांगली खोलीएवढी, लोखंडी दाराची. आत सात कप्पे, त्यातले सहा भरलेले. घराण्यात आता एकटी ताईच उरली होती, ब्याऐंशी वर्षांची. म्हणून राखणदाराने सरळच विचारलं, "ताई, सातव्यावर तुमचं नाव कोरून घ्यायचं ना?"

"खबरदार! ती जागा धाकट्याची आहे."

धाकटा भाऊ बोटीवर कामाला गेला, त्याला साठ वर्षं झाली. ना पत्र, ना निरोप.

"मग तुम्ही कुठे?"

"इथेच, बाहेर. दाराला लागून, मातीत."

"अहो, हक्काचं घर सोडून उंबऱ्यावर?" राखणदार हसला.

"तो गाढव कधी वेळेवर घरी आलाय? दार उघडायला मीच जागी राहायचे."

तिने पिशवीतून बाटली काढली आणि बिजागऱ्यांवर थेंब थेंब तेल सोडलं. घरच्या दारालाही ती तेव्हा असंच तेल घालायची. दार हळूच ढकलून पाहिलं. जराही कुरकुरलं नाही. मग पहिल्या कप्प्याकडे बोट दाखवत ती कुजबुजली,

"बाबांची झोप फार सावध."