कोपरा कापलेलं ब्रिस्केट

भट्टी मुलाकडे जाते म्हणे. बायबलच्या कुठल्या पानावर लिहिलंय ते मला कुणी दाखवावं.

आमच्या बापाने तेलाची जुनी टाकी कापून, जोडून मांसाला धूर द्यायची ती भट्टी केली आणि ट्रेलरवर चढवली. तो लोखंड जोडत होता तेव्हा टाकी धरून कोण उभं होतं? मी. ओकची लाकडं फोडणारी मी, धुराचा रंग बघून हवेची झडप कमीजास्त करणारीही मीच. लव्हॉन तेव्हा ह्यूस्टनला कडक इस्त्रीचे शर्ट घालून मोटारी विकत होता. पण बापाला मूठमाती दिली आणि त्याच संध्याकाळी हा माझा धाकटा भाऊ ट्रक घेऊन दारात हजर. "ताई, भट्टी मुलाकडेच जाते. रीतच आहे." नेली, ट्रेलरला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. आई पायरीवर बसून होती, एक अक्षर बोलली नाही. त्याचाही मला राग आहे, सांगून ठेवते.

आमच्या काळ्या पूर्वजांची गुलामी संपल्याची बातमी टेक्ससात पोचली, तो दिवस म्हणजे जूनटीन्थ. त्या दिवशी आमचा बाप हयातभर साऱ्या चर्चला जेवू घालायचा. यंदा लव्हॉनचा फोन आला. "तू बटाट्याचं सॅलड आण, ताई. मांसाचं मी बघतो."

"मी ब्रिस्केट आणणार."

"शिजवणार कशावर? घरच्या ओव्हनमध्ये? अगं, लोक हसतील आपल्याला!"

"हसू देत. दात तरी दिसतील."

ब्रिस्केट, म्हणजे बैलाच्या छातीचा हा तुकडा, पूर्वी कुणाला नको असायचा. चिवट म्हणून आमच्यासारख्यांच्या पदरात पडायचा. रात्रभर धूर देऊन तो मऊ करायला आम्ही शिकलो, मग साऱ्या जगाला त्याची चव कळली आणि भाव आभाळाला भिडला. संताप येतो! सणाआधी एक दिवस दुकानात तो स्वस्त मिळतो, तेव्हा मी दार उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. शेगडी शेजारणीने टाकून दिलेली, मोठ्या टोपलीएवढी, एक पाय वाकडा. तिच्या काठाने कोळशाची रांग लावून एकच टोक पेटवलं, म्हणजे आग मुंगीच्या पावलाने सरकते. कोळशांवर ओकचे तुकडे, मध्ये पाण्याचं भांडं. मांसाला मीठ आणि मिरी, बस्स. काळपट रंग चढेपर्यंत धूर दिला, मग कागदात गुंडाळून मंद ओव्हनमध्ये ठेवलं. हो, ओव्हनमध्ये! धूर एकदा आत मुरला की पुढची आच कुठून येते ते मांस विचारत नाही.

आणि हो, कच्चं असतानाच त्याचा एक कोपरा कापला. मांस धाग्यांना आडवं कापलं तरच मऊ लागतं, पण वरचा थर काळा झाला की धागे कुठे जातात ते दिसत नाही. म्हणून बाप आधीच एक कोपरा धाग्यांना आडवा कापून ठेवायचा आणि नंतर त्याच रेषेत सुरी चालवायचा.

ऊब टिकावी म्हणून टॉवेलात गुंडाळून, बर्फाच्या रिकाम्या पेटीत घालून ते चर्चच्या अंगणात नेलं. पेटी लव्हॉनच्या टेबलाखाली ठेवली आणि आईला गाडीतून उतरवायला गेले. तिचे गुडघे, तिची काठी, तिची टोपी; वेळ लागला. परत येऊन बघते तर टेबलापुढे रांग. लव्हॉन कोरा एप्रन लावून मांस कापतोय आणि बापाचे जिवलग दोस्त टॉलिव्हरकाका डोळे मिटून चावताहेत.

"वा रे पठ्ठ्या! चव थेट तुझ्या बापाची. जरा दोरे निघताहेत, पण चव तीच!"

"बाबांचीच भट्टी आहे ना, काका," लव्हॉन म्हणाला.

मी फळीकडे पाहिलं. एक कोपरा कापलेला. माझं ब्रिस्केट! तळपायाची आग मस्तकात गेली. वर हा शहाणा ते धाग्यांच्या दिशेनेच कापत सुटला होता. चोरी एक वेळ सोसली असती, पण चोरलेल्या मांसाची ही दशा?

"लव्हॉन, हा कोपरा का कापलास रे?"

त्याने मान वर केली नाही. "करपला होता."

काकांचं चावणं थांबलं. "करपला? अरे, ही तर तुझ्या बापाची खूण!"

"हो हो, तेच. बाबांकडूनच शिकलो."

"मग असं उलटं काय कापतोस, गाढवा?"

काका तडक गेले आणि त्यांनी अंगणात उभ्या केलेल्या भट्टीचं झाकण उचललं. आत लव्हॉनचं ब्रिस्केट, बुटाच्या तळासारखं ताठ. सकाळपासून म्हणे हा येईल त्याला झाकण उघडून दाखवत होता, दर वेळी आच बाहेर. शिजणार कसं?

"म्हणजे ते फळीवरचं तुझं होय, अर्नेस्टीन," काका मला म्हणाले.

सणाच्या लाल सरबताचे पेले हातात धरून सगळे पुढे सरकले. लव्हॉन माझ्यावरच उखडला. "एवढ्याशा गोष्टीवरून भर सणात माझी अब्रू काढतेस?"

"एवढीशी? भट्टी नेलीस, मांस ढापलंस, आता शाबासकीही तूच खाणार?"

मी त्याच्या हातातून सुरी काढून घेतली. फळी फिरवली, कोपऱ्याच्या रेषेत एक काप काढला आणि आईच्या ताटात ठेवला. पहिला काप घरातल्या थोरल्या माणसाचा असतो, तेवढंही त्याला सुचलं नव्हतं. आईने सावकाश खाल्लं, रुमालाने ओठ टिपले आणि लव्हॉनपुढे हात पसरला.

"ट्रेलरची किल्ली."

"आई, अगं, आपली रीत..."

"रीत मला शिकवू नकोस. त्या दिवशी गप्प बसले, ते चुकलंच माझं. आण ती किल्ली."

साऱ्या चर्चच्या देखत त्याने खिशात हात घातला आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. आईने ती मला दिली.

"अगं, पण माझं ब्रिस्केट अजून आत आहे!" लव्हॉन ओरडला.

"राहू दे," मी म्हणाले. "शिजलं की निरोप पाठवते."