रांगोळीतली मोकळी जागा

"मॅडम, बायका कुठायत?" राजसनं घड्याळ बघत तिसऱ्यांदा विचारलं.

"सकाळी अकराला बायका खुरपायला असतात, सर. परवा फोनवर सांगितलं होतं की."

"पण आराखडा लोकांनी करायचाय. लोक तर पाहिजेत ना?"

मी कपाळावर हात मारून घेतला. सोलापूरच्या एका संस्थेचा हा पोरगा आमच्या अक्कलकोट तालुक्यातल्या गावात सौर प्रकल्पाचा आराखडा करायला आला होता. पॅनेल बसले की शेतातल्या पंपांना दिवसा वीज मिळणार होती. ती सगळ्यांनाच हवी होती. पॅनेल कुठं बसवायचे ते गावानं ठरवायचं, आणि गावाला हाका मारत फिरायचं अंगणवाडीच्या शिवलीलाबाईनं. म्हणजे मी. तेवीस वर्षं झाली, पोलिओ असो की मतदारयादी, राबायला मीच.

बांधाबांधावरून बारा जणी गोळा केल्या. मारुतीच्या देवळापुढं रांगोळीनं गावाचा नकाशा काढायला घेतला. पुढं नागम्मा. तिच्या शेळ्या रोज गायरानात, त्यामुळं तिथली वाट न् वाट तिला पाठ. तिनं ओढा काढला, बोरीची झाडं काढली, शेळ्यांचं पाणी काढलं. गायरानाच्या वरच्या कोपऱ्याशी आली आणि हात उचलून बाजूला झाली. राजसनं खुर्चीवर चढून फोटो काढला.

महिन्याभरानं त्याच देवळापुढं ग्रामसभा भरली. राजसनं छापील आराखडा वाचला. "गायरान, वरचा कोपरा, दोन एकर. मोकळी जागा. प्रकल्पासाठी योग्य."

नागम्मा उठली. "तितं न्हाय बसवायचं."

"आजी, नकाशा तुम्हीच काढलात. तिथं तुम्ही काहीच दाखवलं नाही."

"अय्यो, तितं कसं दाखवू? माती दिल्याल्या जागी कोन रांगोळी घालतंय व्हय?"

त्याला काही कळेना. मला मात्र संताप आला, त्याचा की माझा, देव जाणे. तान्हं लेकरू गेलं की आमच्याकडं त्या कोपऱ्यात पुरतात. दगड नाही, नाव नाही. सुतकात दारापुढं रांगोळी घालत नाहीत, तशी त्या जागेवर कधीच नाही. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मी त्या दिवशी शेजारीच उभी राहून हजेरी लिहीत होते! तोंड शिवलं होतं का माझं?

"सर, ती जागा मोकळी नाही, आमची लेकरं पुरलीत तिथं," मी म्हणाले. "नागम्मानं हात का उचलला, ते विचारायचं तरी."

"चुकलं माझं. पण मॅडम, वर आराखडा गेलाय. बदलायचा तर काहीतरी नोंद लागेल. नुसतं सांगून कोण ऐकणार?" तो रडकुंडीला आला होता. पोरगा वाईट नव्हता. "नकाशात दिसायला हवं."

"दिसाय पायजे न्हवं?" नागम्मानं पदर खोचला. "आणा गं रांगोळी."

तिनं ओढा पुन्हा काढला, बोरी काढल्या, शेळ्यांचं पाणी काढलं. वरच्या कोपऱ्याशी तिचा हात थांबला. मग तिनं तिथं एक ठिपका दिला. त्याला लागून दुसरा.

"ह्यी माजी दोन," ती म्हणाली.

मागून एक जण आली, ठिपका देऊन गेली. मग दुसरी. कुणाच्या सासूचं, कुणाच्या बहिणीचं. पुरुष माना खाली घालून बसले होते. राजसनं मोबाइल काढला होता, पण फोटो घ्यायचा त्याला धीर होईना.

नागम्मानं रांगोळीची वाटी माझ्यापुढं धरली. "घाल बाई. तुजं बी हाय की तितं."

एकोणीस वर्षांत मी त्याचं नाव कुणापाशी काढलं नव्हतं. नाव ठेवायलाही तो थांबला नव्हता. गावभर लोकांच्या लेकरांची वजनं मीच करत होते.

चिमूट घेतली, वाकले. बोरीच्या झाडापासून चार पावलं. जागा कुणाला विचारावी लागली नाही.