ठिपक्यांतल्या खुणा

"ताई, दाजी अंघोळीला गेलेत तोवर त्यांचा फोन बघ." भावाने चहाचा कप बाजूला सारला.

भावाचा लिफ्टची कंट्रोल पॅनेल बनवण्याचा कारखाना होता. दाजी, म्हणजे ताईचा नवरा, तिथे पॅनेलमधल्या तारा जोडायचा. अलीकडे जेवणाच्या सुट्टीत तो कोपऱ्यात जाऊन बसे आणि कुणी जवळ आलं की फोन पालथा घाली. भावाने खिडकीच्या काचेत त्या फोनचं प्रतिबिंब पाहिलं होतं. चौकोनांची जाळी, काटकोनात वळणाऱ्या रंगीत रेघा, टोकांना ठिपके.

"नव्या ऑर्डरच्या तारजोडणीचा नकाशा आहे तो. पलीकडच्या कारखान्याला पाठवतात. नाहीतर लपवतात कशाला?"

"तुला खिडकीची जाळी दिसली तरी पॅनेलच वाटतं," ती म्हणाली. पण ती उठली. आतल्या खोलीत जाऊन तिने फोन उघडला.

गेम होता. एकाच रंगाचे ठिपके बोटाने जोडायचे, रेघ रेघेला छेदू द्यायची नाही. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती स्वतः तोच खेळायची. तिला हसू आलं. मग लक्षात आलं, इथे प्रत्येक ठिपक्यात बारीक खूण होती. कुठे चांदणी, कुठे त्रिकोण. तिच्या गेममध्ये खुणा नव्हत्या. सेटिंगमध्ये 'रंगांसोबत खुणा' चालू होतं. तिने ते बंद केलं.

नवरा केस पुसत आला. "झडती का?"

"खेळा. माझ्यासमोर."

त्याने निळे जोडले, पिवळे जोडले. मग लालवरून निघालेलं बोट हिरव्यावर गेलं. रेघ टिकली नाही. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने फोन गादीवर ठेवला.

"रोज कपाटातून शर्ट मी काढून द्यायचा. कापडाच्या दुकानात 'तुला आवडेल ते'. मला वाटायचं, कौतुक," ती म्हणाली.

"कौतुकही होतंच."

"किती?"

त्याने टॉवेल खुंटीला अडकवला. मग हळूच म्हणाला, "आजवर तारांच्या टोकांना नंबर छापलेले प्लास्टिकचे मणी असायचे. नव्या ऑर्डरला नंबर नाहीत, फक्त रंग. खुणा बंद करून सराव करत होतो."

"जमलं?"

"नाही. खुणा पुन्हा लावल्या."

"ताई, सापडलं का?" बाहेरून भाऊ ओरडला.

"गेम आहे म्हणून सांग," नवरा कुजबुजला. "खोटं नाही ते. नोकरी जाईल माझी."

"लिफ्टमध्ये माणसं चढतात." तिने त्याच्या हातात फोन दिला. "तुम्ही सांगा."

तो बाहेर गेला. त्याने लाल-हिरव्याचं सांगितलं. भावाला खरं वाटेना.

"हे बरं निमित्त शोधलंत, दाजी. ही उशी कुठल्या रंगाची?"

"तपकिरी."

उशी हिरवी होती. भावाने बहिणीकडे पाहिलं. तिने 'खरं आहे' अशी मान हलवली.

"आधीच्या पॅनेलना नंबर होते ना? सगळ्यांना?" भावाने विचारलं.

नवरा हातातल्या फोनकडे बघत म्हणाला, "एकात दोन मणी गळाले होते. धोक्याच्या घंटेच्या तारा. अंदाजाने लावल्या."

"पण ते तपासणीत पास झालं होतं."

"झालं होतं."

"मग?"

"तपासणी मीच केली होती."

ते पॅनेल बसवलं होतं त्या इमारतीच्या वॉचमनला भावाने लगेच फोन लावला. "लिफ्ट बंद ठेवा. आत्ता. कुणाला चढू देऊ नका, आम्ही निघालोच." मग त्याने गाडीची किल्ली उचलली. "चला, दाजी. बाकीची पॅनेलही उघडायची. तुमच्या शब्दावर आता एकही सोडणार नाही."

नवरा शर्ट घालायला आत कपाटापाशी गेला. दार उघडून सवयीने बाजूला सरकला आणि तिची वाट बघत उभा राहिला.

ती दारातच थांबली. "काढा," ती म्हणाली. "मी बघते."